टाकी, विहीर आणि कायदा : नवी मुंबईतील भूमिगत इंधनसाठे व भूजल यांचा इतिहास

प्रास्ताविक

ठाणे-बेलापूर मार्गाने किंवा शीव-पनवेल महामार्गाने प्रवास करणाऱ्यास पेट्रोल पंप दिसतो तो त्याच्या जमिनीवरील रूपात. छत, यंत्रे, हवा भरण्याची सोय, रांगा. पंपाचा खरा व्यवसाय मात्र जमिनीखाली चालतो. पोलादी टाक्या, त्यांना जोडणाऱ्या नळ्या आणि टाकीत इंधन ओतण्याची तोंडे यांवर तो उभा असतो. याच जमिनीखाली आणखी एक साठा आहे, तो म्हणजे भूजल. हे दोन साठे एकमेकांशेजारी कसे आले, त्यांतील एकाची नोंद शासनाने प्रथमपासून काटेकोरपणे ठेवली आणि दुसऱ्याकडे पाहणारे डोळे क्रमशः का कमी झाले, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

पर्यावरणाच्या इतिहासलेखनात नदी, खाडी, जंगल आणि हवा यांना स्थान मिळाले. भूजलाचा विचार झाला तो बहुतांशी टंचाईच्या अंगाने, म्हणजे पाण्याची पातळी किती खाली गेली या प्रश्नापुरता. भूजल किती आहे याबरोबरच ते कसे आहे हा प्रश्न शहरी इतिहासात फारसा आला नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते याचे एक कारण कायद्यात शोधावे लागते. भारतात पेट्रोलियमविषयक कायदा आगीच्या भयातून जन्मला आणि सव्वाशेहून अधिक वर्षे त्याने इंधनाकडे आगीच्याच दृष्टीने पाहिले. टाकी जमिनीखाली पुरणे हा मुळात आगीवरचा उपाय होता. त्या उपायाने धोका नाहीसा झाला नाही, तो आगीकडून पाण्याकडे सरकला.

खाजण आणि विहीर

नवी मुंबईचा आजचा प्रदेश म्हणजे पश्चिमेस ठाण्याची खाडी आणि पूर्वेस पारसिकची डोंगररांग यांमधील चिंचोळी पट्टी, तसेच दक्षिणेस पनवेल व उरण तालुक्यांतील गावे. आगरी व कोळी समाजाच्या या वस्तीची अर्थव्यवस्था भातशेती, मिठागरे आणि मासेमारी यांवर उभी होती. खाडीचे पाणी बांध घालून अडवायचे, खाजणात भात पिकवायचे आणि जेथे ते शक्य नाही तेथे मीठ काढायचे, असा हा क्रम होता. खाऱ्या पाण्याने वेढलेल्या अशा प्रदेशात गोड्या पाण्याची जागा हीच गावाची जागा ठरते. घणसोली, तुर्भे, शिरवणे, नेरूळ, करावे, दिवाळे, बेलापूर ही गावठाणे पाहिली असता तळे व विहीर यांचे गावरचनेतील स्थान सहज ध्यानात येते.

या विहिरी उथळ असत. येथील खडक दख्खनच्या पठाराचा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट. हा खडक स्वतः पाणी फारसे धरत नाही. पाणी राहते ते त्यावरील झिजलेल्या मुरमाच्या थरात आणि खडकातील सांधे व भेगा यांत. खाडीलगत या खडकावर सागरी चिखलाचा थर असल्याने तेथे पाणी मचूळ लागते. डोंगराच्या पायथ्याशी मुरमात खणलेली विहीर गोडी देते. पावसाळ्यात पाणी जवळजवळ काठापर्यंत येते व मे महिन्यात तळ गाठते. भूपृष्ठावर जे सांडेल ते थोड्या वेळात विहिरीत उतरू शकेल, इतका या पाण्याचा जमिनीशी निकटचा संबंध आहे. या भूरचनेचे महत्त्व पुढील विवेचनात स्पष्ट होईल.

येथे एक खुलासा आवश्यक वाटतो. जुन्या पाणवठ्यांविषयी हळवे होऊन लिहिण्याची एक रीत आपल्याकडे आहे. ती इतिहासाला धरून नाही. पटकी आणि नारू विहिरीनेच पसरत. आणि पनवेल ज्या कुलाबा जिल्ह्यात होते त्याच जिल्ह्यातील महाड येथे २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना चवदार तळ्याचे पाणी पिण्याच्या हक्कासाठी सत्याग्रह करावा लागला. सार्वजनिक पाणवठा सर्वांचा नव्हता. नळाने अनेकांची, विशेषतः पाणी वाहणाऱ्या स्त्रियांची, सुटका केली हे मान्य करूनच पुढे जावे लागते. प्रस्तुत निबंधाचा मुद्दा वेगळा आहे. विहीर हे पाणी देण्याचे साधन होते, तसेच ते पाणी पारखण्याचेही साधन होते. दररोज शेकडो माणसे जे पाणी चाखतात, हुंगतात आणि उजेडात पाहतात, त्यातील बदल लपून राहत नाही.

मुंबईचा पूर्वानुभव

विहिरीचे हे स्थान जाण्याची प्रक्रिया खाडीपलीकडील मुंबई शहरात फार आधी घडली होती. १८६० मध्ये विहार तलावाचे पाणी नळाने शहरात आले. त्यानंतरही फोर्ट, गिरगाव, काळबादेवी या भागांत घरोघरी विहिरी वापरात होत्या. हिवतापाच्या चौकशीसाठी नेमलेले डॉ. चार्ल्स बेंटली यांचा अहवाल १९११ मध्ये प्रसिद्ध झाला. हिवतापाचा डास या विहिरींत वाढतो असे त्यात दाखविले गेल्यावर विहिरी झाकण्याची व बुजविण्याची मोहीम महापालिकेने हाती घेतली. धार्मिक उपयोगाच्या विहिरींबाबत पारशी व हिंदू समाजांतून विरोध झाला. चर्चगेटजवळची १७२५ ची भिखा बेहराम विहीर आजही टिकून आहे ती श्रद्धेमुळे. आरोग्यशास्त्राच्या दृष्टीने ही मोहीम समर्थनीय होती. परंतु शहराच्या पोटातील पाण्याकडे पाहण्याच्या शेकडो खिडक्या तिने एकाच वेळी बंद केल्या, आणि त्यांची जागा घेईल अशी दुसरी व्यवस्था उभी राहिली नाही. पुढे नवी मुंबईत डासांचे कारणही लागले नाही. नळ आला एवढे पुरेसे झाले.

आगीचा कायदा

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईत खनिज तेल आले ते दिव्यासाठी. ‘रॉकेल’ हा आपला घरगुती शब्द ‘रॉक ऑइल’ या इंग्रजी नावाचाच मराठी अवतार होय. प्रथम हे तेल अमेरिकेतून लाकडी खोक्यांतील पत्र्याच्या डब्यांत येई. १८९२ मध्ये ‘म्युरेक्स’ हे टाकीजहाज सुएझ कालव्यातून पूर्वेकडे गेले आणि खनिज तेलाचा व्यापार डब्यांकडून टाक्यांकडे वळला. डबा गळला तर तो दिसे, दुकानदाराचे नुकसान होई व तो डबा बदलला जाई. टाकीचे तसे नव्हते.

शासनाला चिंता होती ती भडक्याची. १८८१, १८८६ आणि १८९९ चे पेट्रोलियमविषयक कायदे, १८९८ मध्ये स्थापन झालेले स्फोटके खाते व शेवटी १९३४ चा पेट्रोलियम कायदा ही सर्व मालिका या चिंतेतून निर्माण झाली. मुंबईपुरते बोलायचे तर १४ एप्रिल १९४४ च्या गोदीतील स्फोटाने ही चिंता किती खरी होती हे दाखवून दिले. त्या कायद्याला दोष देण्याचा येथे हेतू नाही. मात्र त्याची परिभाषा बारकाईने वाचण्याजोगी आहे. १९३४ च्या कायद्यात पेट्रोलियमचे तीन वर्ग आहेत व ते ठरतात ‘फ्लॅश पॉइंट’वरून, म्हणजे ज्या तापमानाला तेलाची वाफ ठिणगीने पेट घेते त्यावरून. २३ अंश सेल्सिअसखाली असेल तर ‘अ’ वर्ग, २३ ते ६५ अंशांत ‘ब’, ६५ ते ९३ अंशांत ‘क’. पेट्रोल ‘अ’ वर्गात येते, डिझेल ‘ब’ वर्गात. द्रव पाण्यात किती विरघळतो, जमिनीत किती टिकतो, शरीरात गेल्यास काय करतो, यांपैकी कशाचाही या वर्गवारीशी संबंध नाही.

दुसरे उदाहरण कलम २७ चे. पेट्रोलियममुळे झालेल्या अपघाताची खबर देण्याचे बंधन या कलमाने घातले आहे. परंतु हा अपघात म्हणजे स्फोट वा आग, आणि तीही जीवितहानी वा गंभीर इजा-नुकसान घडवणारी. दहा वर्षे मूकपणे झिरपणारी टाकी या व्याख्येत ‘अपघात’ ठरत नाही. तिसरे उदाहरण कलम ७ मधील सवलतीचे. ‘ब’ वर्गाचे २,५०० लिटरपर्यंतचे तेल, कोणतेही भांडे १,००० लिटरहून मोठे नसल्यास, परवान्याविना ठेवता येते. आगीच्या दृष्टीने ही सवलत वाजवी असेल. इतिहासकाराच्या दृष्टीने तिचा अर्थ असा की, कारखान्यांच्या व इमारतींच्या जनित्रांसाठी ठेवलेल्या अशा छोट्या डिझेल साठ्यांची परवान्याच्या दप्तरात नोंदच सापडणार नाही. १९३७, १९७६ आणि २००२ च्या पेट्रोलियम नियमांनी टाकीची चाचणी, इमारतींपासूनचे अंतर, वाफ बाहेर सोडण्याची नळी यांविषयी तपशीलवार बंधने घातली. अंतरे मोजायची ती ठिणगीपासून. विहिरीपासूनचे अंतर हा त्या व्यवस्थेचा मध्यवर्ती विषय नव्हता.

१९७० : दोन संस्था

साठच्या दशकात महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखान्यांसाठी भूखंड आखले आणि नाफ्थ्यावर चालणारे ‘नोसिल’सारखे पेट्रोरसायन प्रकल्प येथे उभे राहिले. खाडीच्या पलीकडे तुर्भ्याच्या, म्हणजे ट्रॉम्बेच्या, किनाऱ्यावर १९५४ व १९५५ मध्ये तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झालेलेच होते. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. नव्या शहरासाठी ३४४ चौरस किलोमीटरचे क्षेत्र व ९५ गावे ठरली. १९७३ मध्ये वाशीचा पहिला खाडीपूल खुला झाला. ऐंशी-नव्वदच्या दशकांत मुंबईतील घाऊक बाजार येथे हलले, त्यांच्यामागे मालमोटारी आल्या आणि मालमोटारींमागे डिझेल.

भूसंपादन १८९४ च्या कायद्याने झाले. त्या कायद्यात ‘जमीन’ या शब्दात जमिनीला जोडलेल्या वस्तूंचाही समावेश होता. त्यामुळे विहीर ही बांधकाम म्हणून मोजली जाऊ शकली. तिच्याखालचे पाणी १८८२ च्या सुखाधिकार कायद्याच्या चौकटीत जमीनमालकाचे. जमीन हस्तांतरित झाली की पाणीही गेले. गावठाणातील विहीर राहिली, पण तिला पाणी पुरविणारे शिवार भूखंड झाले, आणि त्या भूखंडाखाली काय पुरले जाते हे ठरविण्यात गावाचा काही भाग उरला नाही. प्रकल्पग्रस्तांच्या लढ्याचा जो इतिहास लिहिला गेला तो जमिनीच्या मोबदल्याचा आहे. पाण्याचा मोबदला हा शब्दप्रयोगही त्यात आढळत नाही, याचे नवल वाटू नये.

त्याच १९७० सालच्या ७ सप्टेंबरला राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ अस्तित्वात आले. त्याचा आधार होता महाराष्ट्राचा स्वतःचा १९६९ चा जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा. केंद्राचा १९७४ चा जल कायदा महाराष्ट्राने १ जून १९८१ पासून स्वीकारला. या केंद्रीय कायद्यातील ‘प्रवाह’ या शब्दाच्या व्याख्येत भूमिगत पाणीही येते. म्हणजे विहिरीचे पाणी दूषित करणे कागदोपत्री तेव्हापासून बेकायदा आहे. व्यवहारात मात्र मंडळाची नजर नळीच्या तोंडावर राहिली. कारखान्याचे सांडपाणी जेथून बाहेर पडते तेथे नमुना घ्यायचा, ही पद्धत. गळणाऱ्या टाकीला असे तोंड नसते. परिणामी पंपाच्या परवान्याचे दप्तर स्फोटके खात्याकडे व पाण्याचे दप्तर प्रदूषण मंडळाकडे अशी विभागणी झाली, आणि दोन्ही दप्तरे एकत्र उघडून पाहण्याचा प्रसंग क्वचितच आला.

१ जानेवारी १९९२ पासून नवी मुंबई महानगरपालिका कार्यरत झाली. पुढे तिने खालापूरजवळचे मोरबे धरण घेतले. स्वतःच्या मालकीचे धरण असलेली महापालिका ही नवी मुंबईची ख्याती रास्त आहे. या यशाची दुसरी बाजू अशी की, दूरच्या धरणाचे पाणी पिणाऱ्या नागरिकाला पायाखालच्या पाण्याशी काही कर्तव्य उरले नाही. गावठाणातील विहिरींना जाळ्या बसल्या, काहींत निर्माल्य पडू लागले, तर काहींचे पाणी बागेला वा बांधकामाला जाऊ लागले. ज्या वस्तीला नळ उशिरा मिळाला वा मिळालाच नाही तेवढीच विहिरीवर वा कूपनलिकेवर अवलंबून राहिली. या वस्तीची तक्रार नोंदवहीपर्यंत पोहोचण्याची शक्यता सर्वांत कमी.

थेंबाचे गणित

गळती म्हणजे काय याची कल्पना थोड्या गणिताने येते. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला आणि टाकीच्या सांध्यातून सेकंदाला एक थेंब निसटतो असे मानले, तर वर्षाला सुमारे १,५७५ लिटर इंधन जमिनीत जाते. हजारो लिटरच्या टाकीत दांडी बुडवून साठा मोजणाऱ्या पंपावर दिवसाकाठी चार-साडेचार लिटरचा हा फरक बाष्पीभवन व मोजमापाची तफावत यांत सहज मुरतो. हिशेबाच्या वहीत तो व्यापारातील घट म्हणून बसतो.

पेट्रोल पाण्यापेक्षा हलके असल्याने ते भूजलावर तरंगते. त्यातील बेंझिन, टोल्युइन इत्यादी घटक हळूहळू पाण्यात उतरतात व पाण्याबरोबर भेगांतून पुढे सरकतात. भारत स्टेज सहा मानकानुसार पेट्रोलमध्ये बेंझिनचे प्रमाण १ टक्क्यापर्यंत असू शकते. बेंझिन कर्करोगकारक आहे व जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातील मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे. या हिशेबाने एका लिटर पेट्रोलमधील बेंझिन सुमारे पावणेनऊ लाख लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत नेण्यास तत्त्वतः पुरेसे ठरते. प्रत्यक्षात बरेच बेंझिन उडून जाते व जिवाणू काही भाग संपवतात. इथेनॉलमिश्रणाने यात नवा पेच आणला आहे. जमिनीतील जिवाणू आधी इथेनॉल फस्त करतात, त्यात प्राणवायू खर्ची पडतो आणि बेंझिन अधिक काळ टिकून अधिक दूर जाऊ शकते. २०२५ पर्यंत देशात २० टक्के मिश्रणाचा टप्पा गाठला गेला. त्याची चर्चा झाली ती गाडीच्या सरासरीवरून.

खाडीलगतची खारी, ओली माती पोलादाला गंजविते. पावसाळ्यात भूजल वर आल्यावर रिकामी टाकी उचलली जाऊ नये म्हणून ती काँक्रीटला जखडावी लागते, इतके पाणी येथे टाकीभोवती असते. पावसाळ्यात पेट्रोलमध्ये पाणी आल्याच्या तक्रारी होतात. गाडी बंद पडते, ग्राहक भांडतो, अधिकारी येतात. पुष्कळदा पाणी वरच्या झाकणातून शिरलेले असते हे खरे. तरीही ज्या वाटेने पाणी आत येऊ शकते त्या वाटेने पाणी ओसरल्यावर तेल बाहेर जाऊ शकते, ही शंका कोणी नोंदवीत नाही. आत येणाऱ्या पाण्याला फिर्यादी आहे. बाहेर जाणाऱ्या तेलाला नाही.

पिणाऱ्यांनी लावलेला शोध

अमेरिकेत हा प्रश्न उघडकीस आला तो मुख्यतः पिणाऱ्यांमुळे. तेथील कोट्यवधी लोक भूजल पितात. दुसऱ्या महायुद्धानंतर पुरलेल्या साध्या पोलादी टाक्या सत्तर-ऐंशीच्या दशकांत गंजल्या व घरच्या विहिरीच्या पाण्याला पेट्रोलचा वास येऊ लागला. १९८४ मध्ये तेथील संसदेने भूमिगत टाक्यांसाठी स्वतंत्र तरतूद केली, १९८८ मध्ये नियम आले आणि जुन्या टाक्या सुधारण्यास वा काढण्यास २२ डिसेंबर १९९८ ही मुदत मिळाली. तेव्हापासून पाच लाखांहून अधिक गळत्यांची तेथे नोंद झाली आहे. कॅलिफोर्नियातील सांता मोनिका शहराला १९९६ मध्ये आपल्या विहिरी बंद कराव्या लागल्या, कारण शिशाऐवजी पेट्रोलमध्ये वापरलेले एमटीबीई हे रसायन त्यांत उतरले होते. शहराच्या पाणीपुरवठ्याचा सुमारे निम्मा भाग त्यामुळे गेला. अमेरिकेतील टाक्या आपल्यापेक्षा अधिक वाईट होत्या असा याचा अर्थ नव्हे. तेथे टाकी आणि पेला यांत अंतर कमी होते.

भारतात विहिरींच्या नासाडीबद्दलचा महत्त्वाचा निवाडा तेलाचा नसून रसायनांचा आहे. राजस्थानातील बिछडी गावच्या विहिरी कारखान्यांच्या गाळामुळे निकामी झाल्या. सर्वोच्च न्यायालयाने १३ फेब्रुवारी १९९६ रोजी प्रदूषण करणाऱ्यानेच भरपाई द्यावी, हे तत्त्व तेथे लागू केले. तेथेही दावा उभा राहिला तो गावकऱ्यांच्या विहिरींचे पाणी डोळ्यांदेखत रंगले म्हणून. बेंझिनला रंग नाही.

२००९ नंतर

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये औद्योगिक क्षेत्रांचा जो सर्वंकष निर्देशांक काढला त्यात नवी मुंबईला ७३.७७ गुण मिळाले व ती अतिप्रदूषित क्षेत्रांत गणली गेली. हवा व भूपृष्ठजल यांबरोबर जमीन व भूजल हाही त्या निर्देशांकाचा घटक होता. चर्चा झाली ती प्रामुख्याने हवेची व खाडीची.

पेट्रोल पंपांसाठी पाण्याच्या बाजूने विचार करणारी देशव्यापी मार्गदर्शक तत्त्वे केंद्रीय मंडळाने काढली ती ७ जानेवारी २०२० रोजी, तीही राष्ट्रीय हरित लवादापुढील २०१९ च्या एका अर्जानंतर. शाळा, रुग्णालये व निवासी क्षेत्रापासून ५० मीटरचे अंतर, भूमिगत टाकीची गळती रोखण्याची व ओळखण्याची व्यवस्था, आणि माती वा भूजल दूषित झाल्यास तेल कंपनीची जबाबदारी या गोष्टी त्यांत आल्या. १८९९ पासून मोजल्यास इंधनाच्या कायद्याला विहीर दिसण्यास १२० वर्षे लागली. मात्र जागेच्या निवडीची बंधने प्रामुख्याने नव्या पंपांना आहेत. नवी मुंबईतील रस्त्यांची आखणी व त्यांवरील बरेच पंप त्याआधीचे. शिवाय बंद पडलेले कारखाने आहेत. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कित्येक कारखान्यांच्या जागी आज माहिती-तंत्रज्ञानाच्या इमारती आहेत. भूखंडाचा वापर बदलताना वरचे बांधकाम पाडल्याचा दाखला मागितला जातो. खाली काय होते व ते बाहेर काढले काय, याचा दाखला हा भूमीच्या इतिहासाचा दस्तऐवज ठरला असता.

महाराष्ट्राचा २००९ चा भूजल अधिनियम २०१४ मध्ये अंमलात आला. त्यात विहीरमालकांच्या नोंदणीची तरतूद आहे. महानगरपालिका क्षेत्रातील २९ गावठाणांपुरती जरी ही नोंदणी मनावर घेतली गेली, तरी प्रत्येक विहिरीचे स्थान, खोली, मे व सप्टेंबरमधील पाण्याची पातळी आणि सर्वांत जवळच्या इंधनटाकीचे अंतर अशी चार रकान्यांची वही तयार होऊ शकते. स्फोटके खात्याच्या परवान्यांत टाक्यांचे नकाशे जोडलेले असतातच. ही दोन कागदपत्रे एका टेबलावर मांडण्याचे काम इतिहासाच्या व भूगोलाच्या विद्यार्थ्यांना एका शैक्षणिक वर्षात करता येण्यासारखे आहे. पाण्याची चाचणी रसायनशास्त्र विभागाने करावी. गावातील वृद्ध स्त्रियांना मात्र आधी विचारावे, कारण कोणत्या विहिरीचे पाणी कोणत्या सुमारास भांड्यांनाही वापरेनासे झाले, हे त्यांना सांगता येईल.